कबरींच्या खुणांवरून घराण्याचा माग

कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. मूळपुरुष, मूळगाव, स्थलांतराचे कारण, पुढे फुटलेल्या शाखा आणि अखेरीस वंशवेल हा त्याचा ठरलेला साचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन शेतकरी कुटुंबांनीही असे वृत्तांत मोठ्या हौसेने लिहिले आहेत. त्यांचाही एक साचा आहे. जर्मनीतील एखाद्या खेड्यातून एक तरुण निघतो आणि अटलांटिक ओलांडतो. त्याचा मुलगा पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायो सोडून इलिनॉयला जातो, नातू विस्कॉन्सिनला, पणतू कॅन्ससला किंवा डाकोटाला. प्रत्येक पिढी मावळतीच्या दिशेने एक पाऊल टाकते आणि प्रत्येक पावलागणिक जमिनीचे एकर वाढतात. वृत्तांत लिहिणारा वंशज या वाटचालीला प्रगती असे नाव देतो आणि समाधानाने लेखणी खाली ठेवतो.

हे समाधान कितपत खरे, असा प्रश्न विचारणारी एक इंग्रजी कादंबरी आहे: लॅरी वायवुडी यांची ‘बियाँड द बेडरूम वॉल’. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या सहाशेंहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथाला लेखकाने ‘कौटुंबिक आल्बम’ असे उपशीर्षक दिले आहे. न्यूमिलर या जर्मन कॅथलिक घराण्याच्या चार पिढ्यांचे चित्रण तीत आहे. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना ही कादंबरी जवळची वाटेल असे मला वाटते. तिचा परिचय करून देणे आणि तिच्या गुणदोषांची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

कादंबरीकडे वळण्यापूर्वी, घराण्याचा माग काढणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात कोणती साधने असतात ते पाहू. त्याचे पहिले साधन म्हणजे धर्मग्रामाची नोंदवही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले, आणि स्नानसंस्काराच्या नोंदीही त्याच आदेशाने नियमित झाल्या. शासनाने जन्ममृत्यूची दप्तरे उघडली त्याच्या कितीतरी आधीपासून गरीब शेतकऱ्याचे नाव कोठे लिहिले जात असेल, तर ते या वह्यांत. दुसरे साधन जहाजांच्या याद्या. हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्या प्रवाशांच्या १८५० पासूनच्या याद्या टिकल्या आहेत. ब्रेमेन बंदराच्या बहुतेक याद्या मात्र नष्ट झाल्या. तिसरे साधन अमेरिकेची दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. तेथेही एक मोठे खिंडार आहे. १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि आग विझवणाऱ्या पाण्यात नाश पावली. ज्या दशकात सर्वांत अधिक जर्मन कुटुंबे डाकोटाच्या माळावर उतरली, नेमक्या त्याच दशकाचा हिशेब असा हरवला.

ही साधने मोलाची खरी. पण ती सांगतात काय? नाव, वय, गाव आणि तारीख. कुटुंब का निघाले, कोणाला मागे ठेवून निघाले, जाताना कोण रडले, हे त्यांत नसते. विवाहानंतर स्त्रीचे माहेरचे आडनाव जनगणनेच्या कागदावरून पुसले जाते आणि अर्धे घराणे अंधारात जाते. जिथे नोंदवही थांबते तिथून वायवुडी यांची कादंबरी सुरू होते.

या स्थलांतरामागील इतिहासही थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. १८८२ या एका वर्षात सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत उतरले. जर्मनीकडून अमेरिकेकडे होणाऱ्या स्थलांतराचा तो उच्चांक होता. जमिनीची विभागणी होऊन राहिलेले लहान तुकडे आणि सक्तीची लष्करी चाकरी यांनी तरुणांना बाहेर लोटले. दुसऱ्या बाजूने १८६२ चा होमस्टेड कायदा त्यांना खुणावत होता. १६० एकर जमिनीवर पाच वर्षे वस्ती करून ती कसावी, म्हणजे किरकोळ शुल्कात मालकी मिळे. रेल्वे कंपन्यांचे दलाल जर्मन खेड्यांत फिरून या जमिनींचे गोडवे गात होते.

कॅथलिकांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. १८७० च्या दशकात बिस्मार्कच्या राजवटीने ख्रिस्तसभेवर निर्बंध लादले. १८७२ साली येशूसंघीयांना जर्मन साम्राज्यातून हद्दपार करणारा कायदा झाला, पुढे प्रशियातील बहुतेक मठ बंद झाले. जर्मन येशूसंघीयांनी अमेरिकेतील जर्मन स्थलांतरितांसाठी बफेलो मिशन चालवले. त्याच जर्मन प्रांताकडे १८५० च्या दशकापासून मुंबई मिशनची धुरा होती. ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ साली सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग याच परंपरेतले. डाकोटाच्या माळावरील जर्मन शेतकऱ्याचा इतिहास आणि आपल्या मराठी धार्मिक नियतकालिकांचा इतिहास असे एका ठिकाणी एकमेकांना स्पर्श करतात. पहिल्या महायुद्धात दोहोंवर आलेले संकटही सारखेच होते. इकडे जर्मन धर्मगुरू स्थानबद्ध झाले वा मायदेशी पाठवले गेले. तिकडे आयोवाच्या राज्यपालाने १९१८ साली सार्वजनिक ठिकाणी, दूरध्वनीवर, इतकेच नव्हे तर उपासनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. नेब्रास्कात १९१९ साली शाळेतील लहान मुलांना परभाषा शिकवणे हा गुन्हा ठरला, आणि तो कायदा रद्द व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निर्णय यावा लागला. आजोबांची प्रार्थना जर्मन आणि नातवाची इंग्रजी, हा बदल केवळ काळाच्या ओघात झाला नाही. त्यामागे भीतीही होती.

आता कादंबरीकडे वळू. आरंभी एक छोटे प्रास्ताविक प्रकरण आहे. झोप न येणारा निवेदक बालपणीच्या गावातील रस्ता मनातल्या मनात पुन्हा चालत जातो. गावाचे नाव हायट, नॉर्थ डाकोटातील एक लहानशी वस्ती. कोणते घर कोठे, कोणते दुकान कोणाच्या शेजारी, हे तो आठवू पाहतो; काही आठवते, काही निसटते. त्यानंतर मुख्य कथेचा प्रारंभ होतो, तो कोणाच्या जन्माने किंवा जहाजाच्या प्रस्थानाने होत नाही, तर एका दफनविधीने होतो. जर्मनीहून येऊन डाकोटात जमीन धरणारा मूळपुरुष ऑटो न्यूमिलर मरण पावला आहे. त्याचा मुलगा चार्ल्स, जो व्यवसायाने सुतार आहे, शेतावरच्या घरी परततो. घर सांभाळण्यासाठी तेथेच राहिलेली त्याची बहीण ऑगस्टिना त्याची वाट पाहत आहे. चार्ल्स वडिलांचा देह स्वतः दफनासाठी तयार करतो आणि शवपेटीही स्वतःच्या हातांनी बनवतो.

हे प्रकरण अमेरिकन साहित्यातील उत्तम प्रकरणांत गणले जावे, अशा योग्यतेचे आहे. लेखक भावनेचे शब्द जवळजवळ वापरीत नाही. लाकूड, माप, हत्यारे, पाणी, वृद्ध देहाचे वजन आणि त्याची त्वचा यांचे वर्णन तो संथपणे करीत जातो. जन्मभर ज्या पित्याला मुलाने कधी मोकळेपणी स्पर्श केला नसेल, त्याला तो प्रथमच इतक्या जवळून हाताळतो. प्रेताला स्नान घालणे हे आपल्याकडेही घरच्या माणसांचे कर्तव्य मानले जात असे, म्हणून हे प्रकरण वाचताना आपल्याला परके वाटत नाही. येथेच लेखकाने आपली भूमिका न बोलता मांडली आहे. वंशवृक्षावर ऑटोच्या नावापुढे दोन तारखा येतील. मुलाच्या हातांनी त्या देहाला दिलेला मान मात्र कोणत्याही तक्त्यात मावणार नाही.

ऑटोची जीवनकथाही प्रगतीच्या साच्यात बसत नाही. त्याने वैभव मिळवले आणि गमावलेही. लेखकाने हे पतन नाट्यमय केलेले नाही. नॉर्थ डाकोटाचा इतिहास जाणणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. १९३० च्या दशकातील अवर्षणाने आणि मंदीने तो प्रदेश इतका खंगला, की १९३० साली सुमारे ६ लाख ८० हजार असलेली लोकसंख्या १९४० साली सुमारे ६ लाख ४२ हजारांवर आली. पश्चिमेकडे गेलेल्यांच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. तेथून परत फिरलेल्यांच्या कथा मात्र कुटुंबे सहसा सांगत नाहीत, कारण परत फिरणे म्हणजे हरणे असा समज असतो.

कादंबरीचा गाभा आहे तिसऱ्या पिढीतील मार्टिन न्यूमिलर आणि त्याची पत्नी आल्फा जोन्स यांचा संसार. मार्टिन कॅथलिक, आल्फाची आई लुथरपंथीय आणि वडिलांच्या मनात कॅथलिकांविषयी राग. मिश्र विवाहाचा प्रश्न आपल्या समाजालाही ठाऊक आहे. त्यामुळे हा भाग आपल्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. आल्फा पुढे कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार करते. सामान्य धार्मिक कथाकाराने या प्रसंगी विजयाचे नगारे वाजवले असते, आणि धर्माविषयी आकस असलेल्या लेखकाने ती पुरुषी दडपणाची बळी ठरवली असती. वायवुडी दोन्ही टाळतात. आल्फाचा निर्णय तिचा स्वतःचा आहे, आणि त्याची किंमत काय हेही तिला कळते. आल्फाच्या दैनंदिनीच्या रूपात एक संपूर्ण प्रकरण येते. घरकाम, हवा, लहानसहान खर्च, पतीची वाट पाहणे अशा साध्या नोंदींतून एक बुद्धिमान, एकाकी आणि प्रेमळ स्त्री आपल्यापुढे उभी राहते. जनगणनेच्या कागदाने जिचे माहेरचे नाव पुसले असते, तिला कादंबरीकाराने स्वतःचा आवाज दिला आहे.

मग येते कादंबरीतील निर्णायक स्थलांतर, आणि ते उलट्या दिशेचे आहे. चार्ल्सचे कुटुंब आधीच इलिनॉयला गेलेले असते. आईवडिलांच्या जवळ राहावे, काही बरे काम मिळावे, या आशेने मार्टिन आपले बिऱ्हाड नॉर्थ डाकोटातून इलिनॉयमधील पेटिबोन या गावी हलवतो. आजोबा मावळतीकडे गेला; नातू उगवतीकडे परततो. हा बेत मार्टिनचा. त्याचे ओझे आल्फावर पडते. इलिनॉयला आल्यावर थोड्याच काळात तिचा अकाली मृत्यू होतो आणि लहान मुले आईविना राहतात.

येथे कादंबरीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकमेकांना भिडतात. एका मृत्यूत पुत्राने पित्याचे ऋण फेडले होते. दुसऱ्या मृत्यूचे ऋण कोणालाच फेडता येत नाही. मार्टिन खचतो, पण मोडत नाही. मुले मोठी होतात, वेगवेगळ्या शहरांत पांगतात. पण प्रत्येकाचे अंतर्मन त्या एका घटनेभोवती फिरत राहते. आपण स्थलांतर केले नसते तर ती जगली असती का? या प्रश्नाला उत्तर नाही आणि लेखक ते देण्याचा आवही आणत नाही. मात्र वाचकाच्या मनात स्थलांतराचा नकाशा कायमचा बदलतो. तोवर आपण बाणांनी दाखवलेली वाट पाहत होतो. आता त्या वाटेवरच्या कबरी दिसू लागतात. एक डाकोटाच्या शेतकऱ्याची, एक त्याच्या नातसुनेची. या कबरींच्या मधल्या अंतरातच न्यूमिलर घराण्याचा खरा इतिहास आहे, असे ही कादंबरी वाचून मला निश्चितपणे वाटते.

कादंबरीतील धर्मजीवनाविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. मिस्सा, पापनिवेदन, जपमाळ, धर्मगुरूचे घरी येणे, हे सारे येथे शेतीच्या कामांसारखेच नित्याचे आहे. फादर शिमेलफेनिग हे पात्र आदर्शाचा पुतळा नाही आणि टवाळीचा विषयही नाही. तो गावातला एक माणूस आहे. श्रद्धा या कुटुंबाला दुःखापासून वाचवत नाही. पण दुःख आल्यावर काय करायचे, कोणते शब्द म्हणायचे, हात कोठे जोडायचे, एवढे ती शिकवते. जमीन गेली, भाषा गेली, गाव सुटले, तरी जे बरोबर नेता आले ते एवढेच. स्वतः वायवुडी यांनी पुढील आयुष्यात कॅथलिक पंथ सोडून प्रेस्बिटेरियन पंथ स्वीकारला. तरीही बालपणीच्या श्रद्धेविषयी त्यांच्या लेखणीत कडवटपणा आलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. १९४१ साली नॉर्थ डाकोटात जन्मलेला आणि बालपणीच आईला मुकलेला हा लेखक इलिनॉयमध्ये वाढला, न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आला आणि १९७८ साली पुन्हा नॉर्थ डाकोटात येऊन शेतावर राहू लागला. २०२२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. पात्रांनी जी वाट उलटी चालली, ती लेखकाने पुन्हा उलट केली.

आता दोषांविषयी. कादंबरीचे काही भाग ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात सुट्या कथांच्या रूपाने आधी प्रसिद्ध झाले होते, आणि सांधे कोठे कोठे दिसतात. आल्बमचे रूप स्वीकारल्यामुळे लेखकाला कोणतेही चित्र गाळवत नाही. चौथ्या पिढीच्या तारुण्याचे तपशील लांबतात. ऑटोच्या दफनात जी एकाग्रता होती ती उत्तरार्धात विरळ होते. जॉन गार्डनर यांच्यासारख्या कादंबरीकाराने या ग्रंथाचे मनःपूर्वक स्वागत केले आणि तो नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही होता. ही दाद योग्यच आहे. पण शंभर पृष्ठे कमी असती तर ग्रंथ अधिक बलवान झाला असता.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ऑटो न्यूमिलरला मिळालेली जमीन त्याआधी कोणाची होती? ज्या काळात जर्मन शेतकरी डाकोटात उतरत होते, त्याच काळात, जुलै १८८१ मध्ये, लाकोटांचा नेता सिटिंग बुल याने त्याच प्रदेशातील फोर्ट ब्यूफर्ड येथे शरणागती पत्करली. १८८७ च्या डॉज कायद्याने आदिवासींच्या सामाईक जमिनी तोडून उरलेली भूमी गोऱ्या वसाहतकारांना खुली केली. या प्रश्नाला कादंबरीत मध्यवर्ती स्थान नाही. कबरींचा इतका आदर करणाऱ्या लेखकाने त्या मातीतील जुन्या कबरींपाशीही थांबायला हवे होते. शेतकऱ्याच्या कष्टाचे मोल त्याने कमी झाले नसते. त्याची कथा मात्र पूर्ण झाली असती. कुलवृत्तांताचा हा जुना दोष आहे. आपण कोठून आलो हे तो आवडीने सांगतो. आपण आलो तेव्हा तिथून कोणाला जावे लागले, हे सांगताना त्याची शाई संपते.

हा दोष मान्य करूनही, घराण्याचा इतिहास कसा लिहावा याचा वस्तुपाठ म्हणून ही कादंबरी मी आपल्या वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वंशावळ तयार करण्याचा उत्साह दिसतो. चर्चच्या जुन्या वह्या चाळल्या जातात, पणजोबांच्या स्नानसंस्काराची तारीख सापडली की आनंद होतो. तो आनंद योग्यच आहे. परंतु तारीख सापडली म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारले पाहिजे: आजीचे माहेर कोणते, ती कोणत्या भाषेत प्रार्थना म्हणत असे, घर सोडायचे कोणी ठरवले आणि ते कोणाला नको होते, कोणाच्या अखेरच्या आजारात कोण उशाशी बसले होते. शेवटी, ज्या कर्जाविषयी, भांडणाविषयी किंवा परत फिरण्याविषयी घरात मौन पाळले जाते, त्याविषयीही हळुवारपणे विचारावे. वंशवेलीला पाणी मिळते ते अशा उत्तरांतून.

चार्ल्स न्यूमिलर आपल्या पित्यासाठी पेटी तयार करतो तेव्हा तो इतिहास लिहीत नसतो. तो एक कर्तव्य करीत असतो. पण त्या पेटीची फळी जशी कोन न चुकता दुसऱ्या फळीला जुळते, तसे ज्याला आपल्या पूर्वजांविषयीचे एखादे खरे वाक्य जुळवता आले, त्यानेही तेच कर्तव्य केले असे म्हणावे लागेल.